झाकण वरून धड दिसतं, खालून जातं

प्रश्न : आमच्या सेप्टिक टाकीवरची काँक्रीटची झाकणं वीस-बावीस वर्षांची आहेत. वरून एकही तडा नाही. गवंडी म्हणतो, वरून इंचभर प्लास्टर मारलं की दहा वर्षं बघायला नको. मारावं का? (जुन्नर)

मारू नका. टाकीचं झाकण खालून जातं. आतला हायड्रोजन सल्फाइड वायू झाकणाच्या ओलसर तळाशी जमतो, तिथले जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि ते सिमेंट खातं. मग सळईपर्यंत ओल पोचते, सळई गंजून फुगते आणि पोपडे टाकीत पडत राहतात. वरची बाजू तेवढी गुळगुळीत राहते. त्यावर प्लास्टर म्हणजे दोन फुटी झाकणावर वीसेक किलोंचं जादा ओझं, शिवाय उद्या पडणारा तडाही झाकला जाणार.

आधी तपासून घ्या. झाकणावर उभं न राहता, दोघांनी पहार लावून ते बाजूला घ्यायचं आणि उलटं करायचं. तोंड उघडं असेपर्यंत त्यावर वाकायचं नाही, जवळपास विडी-काडी नाही, पोरांना घरात ठेवायचं. तळाला सळई दिसली, तांबूस ओघळ दिसले किंवा हातोडीने ठोकल्यावर खणखणीत न वाजता भद्द वाजलं, तर नवीनच करा.

घरी ओतणार असाल तर दीड फुटाच्या तोंडाला दोन फुटी झाकण, म्हणजे चारही बाजूंना तीन इंच टेकू मिळतो. जाडी तीन इंच, ८ मिमी सळया दोन्ही दिशांना चार-चार इंचांवर, मिश्रण १:१.५:३ (सिमेंट, रेती, खडी). सळयांची जाळी तळापासून इंचभर वर, म्हणजे खालच्या अंगालाच हवी, कारण पाय पडला की झाकण खाली वाकतं आणि ताण तळाला येतो. बरेच गवंडी जाळी मधोमध किंवा वर टाकतात. जाळी तळापासून उचलून धरणारे सिमेंटचे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, स्वतः लावून घ्या. काँक्रीट ओलं असतानाच वरच्या बाजूला खिळ्याने ‘वर’ असं कोरा. पुढे कधी झाकण उलटं बसलं, तर जाळी वर जाईल आणि सगळी मेहनत वाया. पाणी किमान सात दिवस मारा आणि अठ्ठावीस दिवसांआधी बसवायची घाई करू नका. असं झाकण ६५-७० किलोंचं होतं, म्हणून उचलायच्या कड्या जाळीतच अडकवा.

प्रश्न : सोसायटीच्या पार्किंगमधल्या चेंबरचं झाकण दोनदा बदललं, दोन्ही वेळा फुटलं. बिडाचं घ्यावं की फायबरचं? (पुणे)

माल कुठला, हे नंतर बघू. आधी त्यावर कोणता शिक्का होता ते सांगा. तयार काँक्रीट झाकणांसाठी आयएस १२५९२ हे मानक आहे. त्यात एलडी-२.५ (हलकं), एमडी-१० (मध्यम), एचडी-२० (जड) आणि ईएचडी-३५ (अतिजड) असे दर्जे आहेत, आकडा टनांतला. कार पार्किंगला एमडी-१० हवं. पाण्याचा टँकर त्यावरून जात असेल तर एचडी-२०. दुकानदार बहुतेकदा स्वस्त म्हणून अडीच टनी देतो, ते अंगणातल्या येण्याजाण्यापुरतं. बिडाचं चोरीला जातं, म्हणून तुमच्याकडे फायबर चालेल, पण क्षमता टनांतच विचारून घ्या.

दुसरं कारण फ्रेम. गाडी गेल्यावर खडखड वाजत असेल तर झाकण चारही बाजूंनी टेकलेलं नाही. जुन्या फ्रेमवर नवं झाकण बसवू नका, जोडीच घ्या. फ्रेमखालच्या विटा सुटल्या असतील तर तेवढा थर काढून काँक्रीटची पट्टी ओता.

प्रश्न : चिऱ्याच्या टाकीचं झाकण काढताना ते मोडून आत पडलं. शेजारचा मुलगा दोर बांधून उतरायला तयार आहे. टाकी अर्धीच भरलेली आहे. (राजापूर)

कृपा करून त्याला उतरू देऊ नका. टाकी अर्धी असो वा रिकामी, वायू आत असतोच. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की वास येणंच बंद होतं, माणसाला वाटतं हवा स्वच्छ आहे, आणि काही श्वासांत शुद्ध जाते. मग त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. कंदील सोडून बघणं आणखी वाईट, कारण आतल्या मिथेनचा भडका उडू शकतो. संरक्षक साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणं हाताने मैला सफाई करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तीस लाखांवर नेली. आपल्या घरच्या टाकीलाही कायदा लागू आहे.

नगरपरिषदेची किंवा खासगी मैला उपसणारी गाडी बोलवा. टाकी उपसल्यावर तुकडे वरूनच लांब दांड्याच्या आकड्याने काढा. मोठा तुकडा आडवा राहिला आणि पाइपाचं तोंड मोकळं असेल, तर तो तिथेच राहू द्या. नवं झाकण बसेपर्यंत तोंडावर जाड फळ्या आणि भोवती कुंपण. चिऱ्याची कड झिजली असेल तर आधी तिच्यावर काँक्रीटची पट्टी फिरवा, नाहीतर नवं झाकणही तिथूनच सरकेल.

प्रश्न : चेंबरवर शहाबादी फरशी ठेवली तर? (सोलापूर)

नको. दगडात सळई नसते. काँक्रीट मोडायच्या आधी तडे दाखवतं, फरशी एका क्षणात दुभंगते.

प्रश्न : नवं झाकण बसवलं, तरी वास आणि डास आहेतच. व्हेंट पाइपही बुजवू का? (वसई)

व्हेंट पाइप मोकळाच ठेवा, वायू बाहेर पडायची वाट तीच आहे. पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा आणि ती गंजली की बदला, डास तिथूनच येतात. झाकणाच्या कडेची फट कच्च्या मालाने भरा, म्हणजे सिमेंट कमी आणि रेती जास्त. उपशाची गाडी दोन-तीन वर्षांनी येईल, तेव्हा झाकण फोडावं न लागता पहारीने सुटलं पाहिजे.