तापमान नेमकं कशाचं?

नागपूर, २८ मे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल आणि त्यातल्या रिपोर्टातलं टर्बाइनच्या पात्याच्या तापमानाचं ते संगणकावरचं लाल-पिवळं चित्र, दोन्ही पाहिलं. चित्र झकास आहे. पण खाली 'कमाल तापमान १०४७ अंश' असं लिहिलंयस, तिथेच माझं घोडं अडलं. कशाचं तापमान? वायूचं, लेपाचं की आतल्या धातूचं? या तिघांत शेकडो अंशांचं अंतर असतं.

मोठ्या विमान-इंजिनात टर्बाइनवर येऊन आदळणारा वायू १५०० अंश सेल्सिअसच्या वर असतो. पात्याचा निकेलचा मिश्रधातू त्याआधीच, १३००-१४०० च्या आसपास वितळायला लागतो. तरी पातं टिकतं, कारण कॉम्प्रेसरमधली, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या हवा दाबणाऱ्या भागातली, थोडी हवा वळवून त्याच्या पोकळ पोटातून फिरवतात. ही 'गार' हवा स्वतःच ६०० अंशांच्या घरातली! पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हसू आलं होतं. बारीक छिद्रांतून बाहेर पडून ती पात्यावर पातळ थरासारखी पसरते, आणि खाली झिर्कोनियाचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या सिरॅमिकचा, लेप असतोच. पण ही हवा फुकट मिळत नाही. ती दाबायला खर्ची पडलेलं काम पुरतं वसूल होत नाही. म्हणून पातं जितकं गार ठेवशील, तितका भुर्दंड इंजिनाला पडतो. तुझ्या रिपोर्टात हा हिशेब कुठेच नाही.

रॉकेटचं गणित वेगळं. तिथे इंधनच भिंतीतून फिरवतात. इस्रोच्या सीई-२० या क्रायोजेनिक इंजिनात उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन चेंबरच्या, म्हणजे ज्वलनकक्षाच्या, भिंतीतल्या वाटांमधून जातो, आणि आत ज्वाळा ३००० च्या आसपास. अशा चेंबरच्या आतल्या भिंतीला बहुधा तांब्याचा मिश्रधातू वापरतात. तांबं तर पोलादाच्या आधी वितळतं, मग तेच का? उष्णता पटकन पलीकडे पोचवतं म्हणून. धातू किती सोसतो यापेक्षा किती लवकर सोडतो, हे तिथे महत्त्वाचं.

आता माझी फजिती ऐक. तरुणपणी, असाच मे महिना, इंजिनाची चाचणी घेतात तशा एका टेस्ट-बेडवर मी ज्वलनकक्षाच्या भिंतीचं तापमान नोंदत होतो. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला तापमापक. त्याच्या तारा जिथे संपतात ती जंक्शन-पेटी बाहेर पत्र्याच्या शेडखाली, पन्नासच्या पुढे तापलेली. पुढे थर्मोकपलच्या तारांसारखीच वागणारी कॉम्पेन्सेटिंग केबल लागते, ती कमी पडली, म्हणून पेटीपासून एसी केबिनपर्यंत मी साधी तांब्याची वायर ओढली. थर्मोकपल दोन टोकांमधला फरक सांगतो. त्याचं दुसरं टोक आता तापलेल्या पेटीत होतं, आणि मीटर मात्र ते केबिनच्या २५ अंशांवर धरून चालला होता. आकडे पंचवीसेक अंशांनी कमी येत राहिले आणि मी आठवडाभर 'भिंत मस्त गार आहे' असं लिहीत बसलो. उष्ण धातू ताणाखाली हळूहळू लांबत जातो, त्या रांगण्याबाबत, म्हणजे क्रीपबाबत, आमच्याकडे ढोबळ नियम होता: दहा-पंधरा अंश वाढले की भागाचं आयुष्य अर्धं. पंचवीस अंशांत आयुष्याचा चतुर्थांश उरतो. साहेबांनी रागावून काहीच म्हटलं नाही, फक्त वायरचं टोक हातात दिलं. ते जास्त लागलं.

म्हणून आधी कागदावर मांड: उष्णता कुठून येते, कुठल्या वाटेनं जाते, प्रत्येक वाटेनं किती. संगणक त्यानंतर.

इकडे नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापते दिवस, चालू आहे. दुपारी सोनेगावच्या धावपट्टीवरून विमान उडतं तेव्हा बाहेर ४५ असतं. १५ अंशांच्या हवेपेक्षा ती हवा सुमारे ९ टक्के विरळ. पुष्कळ इंजिनं बाहेर तीसेक अंश असेपर्यंतच पूर्ण जोर देतात, पुढे टर्बाइन वाचवायला जोर कमी करावा लागतो. ताजं इंजिन तापमानाच्या मर्यादेपासून बरंच दूर राहतं, जुनं झालेलं लवकर तिथे पोचतं. तुझ्या नोकरीच्या मुलाखतीत हे विचारतील, रंगीत चित्राबद्दल कमी विचारतील.

रविवारी ये, पण सकाळी नको, ऊन चढल्यावर. के-टाइप थर्मोकपल माझ्याकडे आहे. टोक उकळत्या पाण्यात घालू, त्याच्या तारांचा तांब्याच्या वायरशी जोड गच्चीवर उन्हात ठेवू, आणि ती वायर कूलरच्या खोलीतल्या मीटरला जोडू. नागपूरच्या उंचीला पाणी ९९ च्या आसपास उकळतं. मीटर किती दाखवेल ते येण्याआधी काढून ठेव.

तुझा,
काका