ठराव वैध आहे, पण अधिमान्य आहे का?

सांगलीच्या एका वाचकानं विचारलं आहे : परदेशांतल्या 'सिटिझन्स असेंब्ली'वर (सोडतीनं निवडलेल्या सामान्य नागरिकांच्या सभेवर) लिहिताना 'लेजिटिमसी'ला 'वैधता' म्हटलं तर चालेल का? 'मान्यता' आणि 'अधिमान्यता' हेही शब्द वाचनात येतात, मग नेमका कोणता घ्यायचा? आणि असेंब्लीला 'ग्रामसभा'च्या चालीवर काही म्हणता येईल का?

'अधिमान्यता' घ्या. 'वैधता' इथं चुकीचीच पडेल. का, ते ग्रामसभेवरून लगेच कळतं.

ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे कोरम, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला जो आकडा कमी तो. 400 मतदारांच्या वाडीला 60 माणसं लागतात. 2,400 मतदारांच्या गावाचे 15 टक्के 360 होतात, पण तिथं 100 वर भागतं. तेवढीही जमली नाहीत की सभा तहकूब. ही तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरमची अट नसते. विषय मात्र आधीचेच, नवा घेता येत नाही. मग पंचवीस जणांत सूचक मिळतो, अनुमोदक मिळतो, ठराव प्रोसिडिंगला चढतो. तो पूर्ण वैध असतो. आणि दुसऱ्या दिवशी पारावर कुणीतरी म्हणतं, "आमाला कुठं इचारलंय?" या प्रश्नाला कायद्यानं उत्तर द्यायची गरज नाही. पण ज्याची उणीव त्यात बोलून दाखवली आहे, ती अधिमान्यता.

फरक क्रियापदांत पाहावा. एखादी गोष्ट वैध 'ठरते' किंवा 'ठरत नाही'. नोटीस वेळेत निघाली का, सही कुणाची, अधिकार कुणाचा, हे तपासून अधिकारी किंवा न्यायालय निकाल देतं. अर्धवट वैध असं काही नसतं. अधिमान्यता 'लाभते', 'ओसरते', 'गमावली जाते'. ती कमीजास्त असू शकते आणि ज्यांना निर्णय पाळायचा आहे तेच ती देतात. 'मान्यता' इथं अपुरी पडते, कारण ती मराठीत बहुधा वरून खाली येते : शासनमान्य शाळा, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता. 'लोकमान्यता' जवळची वाटेल, पण ती लोकप्रियतेकडे झुकते. न आवडलेला निर्णयही अधिमान्य असू शकतो. पडलेलं पॅनेल नव्या सरपंचाला नाइलाजानं का होईना सरपंच म्हणतं, ते लोकप्रियतेमुळे नव्हे.

वैध आणि अधिमान्य हे दोन शब्द पार वेगळे पडल्याचं उदाहरण आपल्याच भागात आहे. सांगली जिल्हा तेव्हा नव्हता (1949 ला दक्षिण सातारा झाला, 1960 ला सांगली हे नाव आलं). त्या जुन्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे ब्रिटिशांना समांतर सरकार, उभं राहिलं. ब्रिटिश कायद्याच्या लेखी ते अवैध होतं, पण गावोगावचे तंटे त्याच्या न्यायमंडळांपुढे जात. उलट शेजारच्या औंध संस्थानात 1939 मध्ये राजानं स्वतःच घटना देऊन कारभार लोकांकडे सोपवला. तिथं दोन्ही गोष्टी एका बाजूला आल्या. एक सावधगिरी मात्र हवी. या प्रतिसरकारला 'पत्री सरकार' हे नाव पायाला पत्री ठोकण्याच्या ज्या शिक्षेवरून पडल्याचं सांगतात, तिची जरबही होतीच. लोक ऐकतात एवढ्यावरून 'अधिमान्यता' लिहू नये. जातपंचायतीचंही लोक ऐकत, पण वाळीत पडायच्या भीतीनं. त्यासाठी तर 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला.

आता असेंब्ली. ग्रामसभेचा प्रत्येक मतदार जन्मभराचा सदस्य, तिथं निवडीचा प्रश्नच नाही. असेंब्लीत सदस्य सोडतीनं येतात. साधारण रीत अशी : यादीतून सोडतीनं काढलेल्या हजारो लोकांना पत्रं जातात, तयार झालेल्यांतून लिंग, वय, प्रदेश पाहून दुसरी सोडत निघते. ही दुसरी चाळणी नसली की ज्यांना मुळातच विषयाची आवड आहे तेच भरतात आणि सभा गावासारखी दिसत नाही. मग काही महिने तज्ज्ञ ऐकायचे, गटांत चर्चा, शेवटी मतदान.

तिच्या हातात बहुधा फक्त शिफारस असते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात 2004 साली 160 नागरिकांच्या सभेनं नवी मतदान पद्धत सुचवली. 2005 च्या सार्वमतात 57.7 टक्के बाजूनं पडले, पण अट 60 टक्क्यांची होती, शिफारस बारगळली. आयर्लंडमध्ये 99 नागरिक आणि एक अध्यक्ष अशा सभेनं गर्भपातबंदीच्या घटनाकलमावर शिफारस केली. 25 मे 2018 च्या सार्वमतात 66.4 टक्क्यांनी ते कलम गेलं. म्हणजे वैधता सार्वमतातून आली, सभेनं आणली ती अधिमान्यता. तहकूब ग्रामसभेची स्थिती नेमकी उलटी.

म्हणून पहिल्या उल्लेखात 'सोडतीनं निवडलेली नागरिक सभा' असं पूर्ण लिहा, पुढं नुसती 'नागरिक सभा' चालेल. 'सोडत' सोडू नका. आरक्षण सोडतीमुळे तो शब्द गावागावांत कळतो, 'यादृच्छिक निवड' कुणाला कळत नाही. 'जनसभा' तर मुळीच नको, ती प्रचाराची वाटते. वाक्य असं होईल : 'नागरिक सभेच्या शिफारशीला अधिमान्यता लाभली, पण सार्वमताची अट न पुरल्यानं ती लागू झाली नाही.' विशेषण 'अधिमान्य'. 'अधिमान्यताप्राप्त' ही उगाच लांबण. आणि 'अधिस्वीकृती' पत्रकारांच्या कार्डावरची, तिचा इथं काही संबंध नाही.