यंदा जमाव नही

“ताई, मी नाही म्हटलं तर माणसं तुटतील हो.”

जळगावातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत गेल्या 17 वर्षांत हे वाक्य किती जणींनी उच्चारलं, याची मोजदाद मी केव्हाच सोडली. बोलणारी कधी झेडपीच्या शाळेतली शिक्षिका असते, कधी रावेरकडच्या केळी बागायतदाराची सून, कधी रात्रपाळी आटोपून तशीच आलेली नर्स. शब्द थोडे बदलतात, भीती तीच. मागच्या आठवड्यात तिघींनी पुन्हा तेच विचारलं, म्हणून एका वहिनींबद्दल लिहिते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नाव देत नाही. सासरी लहानथोर सगळे त्यांना वहिनीच म्हणतात.

त्या आल्या होत्या झोपेची तक्रार घेऊन. सगळे रिपोर्ट नॉर्मल आल्यावर डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं होतं. वय 43, तापीकाठचं गाव. पहिल्या दिवशी तासभर बोलल्या त्या सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल, मुलाच्या बारावीबद्दल, धाकट्या दिराच्या फ्लॅटच्या हप्त्यांबद्दल. स्वतःबद्दल एकच वाक्य: “माझ्या हाताला चव आहे म्हणतात.” मी हात पाहिले. उजव्या हाताच्या बोटांची टोकं सोलून गुलाबी झाली होती. चैत्र नुकताच लागला होता.

खानदेशातल्या बाईला पुढचं सांगावं लागत नाही. ज्वारी भिजवायची, भरडायची, कोंडा काढायचा. भल्या पहाटे चुलीवर मोठ्या पातेल्यात घाटा, म्हणजे त्या भरडीची घट्ट शिजवण, हाटायचा. मग तो हाताला सोसवत नाही इतका गरम असतानाच, पाण्यात बोटं बुडवत बुडवत, गच्चीवर ओल्या धोतरावर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, थापायच्या, ऊन तापायच्या आत. वहिनी 22 वर्षं पाच घरांच्या बिबड्या करत होत्या. आपल्या, दोन दिरांच्या, दोन नणंदांच्या. 25 किलो ज्वारी. डबे पुण्याला, नाशिकला, सुरतेला जायचे. भरलेल्या डब्यांसोबत वहिनींची पाठ, कंबर आणि झोपही जात होती, पण त्याचा हिशेब कुणी मागितला नव्हता. त्यांनीही दिला नव्हता.

मी विचारलं, “माणसं तुटतील म्हणजे नेमकं काय होईल?”

“सुरतेच्या ताई फोन करणार नाहीत.”

“किती दिवस?”

बराच विचार करून म्हणाल्या, “आठ दिवस. फार तर पंधरा. आखाजीला तर येतीलच ना माहेरी.” आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया.

“आणि ते पंधरा दिवस तुम्हाला सोसवणार नाहीत?”

त्या गप्प झाल्या. “वाईट वाटेल. मरणार नाही,” म्हणाल्या. मला तेवढं पुरे होतं.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने काम करते, हे इथे मोकळेपणाने सांगते. 1955 च्या सुमारास त्याने मांडलेली एक गोष्ट मला आपल्या घरांना अगदी लागू वाटते. लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं ही इच्छा असणं स्वाभाविक आहे. ‘म्हटलंच पाहिजे’ असा हट्ट मनाने धरला की माणूस गहाण पडतो. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. काम चांगलं झालं, बिघडलं असं म्हणता येतं; त्यावरून अख्ख्या माणसाची किंमत ठरवता येत नाही. मी वहिनींना विचारलं होतं, “एखाद्या वर्षी घाटा लागला, बिबड्या कडू झाल्या, तर तुम्ही कडू झालात का?” त्या हसल्या, पण ते हसू वरवरचं होतं. पटणं आणि जिरणं यात महिने जातात.

आमच्या भेटी वर्षभर चालल्या. एका गोष्टीवर मात्र गाडी अडली होती. मी त्यांच्याकडून ‘नाही’ म्हणण्याचा सराव करून घेत होते. मी नणंद व्हायचे, फोन लावायचे. वहिनी पाठ केल्यासारखं म्हणायच्या, “मला यावर्षी जमणार नाही, कारण कंबर दुखते.” मी लगेच, “मग हाताखाली बाई लाव, पैसे मी देते.” “मुलाची परीक्षा आहे.” “परीक्षेनंतर कर.” तीन फेऱ्यांत वहिनी हरायच्या. इथे दोघींनाही एक गोष्ट उमगली: कारण दिलं की समोरचा नकाराला हातही लावत नाही, कारणालाच धरतो. एकेक कारण खोडून काढतो, आणि शेवटी काम आपल्याच पदरात. म्हणून कारणांची माळ लावू नका. एक वाक्य, आणि मग गप्प. ती शांतता भरून काढायची घाई आपल्यालाच होते, ती तेवढी आवरा.

तरीही वहिनींचा आवाज कोरडाच येत होता. एका दुपारी मला सहज सुचलं. विचारलं, “घरी तुम्ही नणंदेशी असं पुस्तकी बोलता का?”

“नाही हो, घरी अहिराणीच.”

“मग अहिराणीतच सांगा ना.”

वहिनींनी पदर सावरला. माझ्याकडे न बघता, खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “बाई, माले यंदा जमाव नही.”

आवाज पोटातून आला होता. त्या स्वतःच दचकल्या आणि डोळ्यांना पदर लावून रडल्या. मी काही बोलले नाही. इतकी वर्षं मी बायकांना नकार शिकवते आहे, पण तो कुठल्या बोलीत द्यायचा हे कधी विचारलं नव्हतं. ज्या बोलीत आपण ‘हो हो’ म्हणत वाढलो, त्याच बोलीतलं ‘नाही’ खरं वाटतं. त्या दिवसापासून माझ्याकडे येणारीला मी पहिल्याच भेटीत विचारते, तुम्ही रागावता कुठल्या बोलीत? लेवा बोली असो, गुजर बोली असो, पावरी असो, सराव त्यातच. याचा फायदा मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे.

सुरुवात सर्वांत अवघड माणसापासून करू नका, हेही सांगते. वहिनींनी आधी शेजारणीला परत न आलेली पातेली मागितली, मग दिराला मुक्कामाची तारीख बदलायला सांगितली, आणि फाल्गुनात सुरतेला फोन केला. नकार दिल्यावर अपराधी वाटतं, आठवडाभर वाटतं. ती 22 वर्षांच्या सवयीची कळ असते, तिच्यापायी माघारी फोन करायचा नाही.

एक मात्र स्पष्ट सांगते. नकाराला उत्तर म्हणून हात उगारला जात असेल, घराबाहेर काढण्याची धमकी मिळत असेल, तर एकटीने असे प्रयोग करू नका. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीबरोबर मानसिक छळ आणि पैशांची अडवणूकही येते. 181 वर फोन करा, संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा, आधी सुरक्षित व्हा.

वहिनींच्या घरी तसं काही नव्हतं. सासूबाईंनी दोन दिवस भांडी आपटली, नवरा म्हणाला, “एवढं काय मोठं होतं?” सुरतेच्या ताईंचा फोन अकरा दिवस आला नाही. आखाजीला त्या आल्या, झोक्यावर बसल्या, नेहमीसारखं बोलल्या. नाशिकच्या ताई अजून रुसलेल्या आहेत, आणि वहिनींना ते टोचतं. झोप आता बहुतेक रात्री लागते.

शेवटच्या भेटीत मी पुन्हा हात पाहिले. यंदा फक्त घरच्या पाच किलोच्या झाल्या होत्या. “एक सांगू का ताई,” वहिनी म्हणाल्या, “यावेळी घाटा उतरवला आणि वाटीभर घेऊन, वर कच्चं तेल सोडून, चुलीपाशीच बसून खाल्ला. इतकी वर्षं सगळं थापून होईस्तोवर माझ्या वाटणीचा गार होऊन जायचा.”