कारखान्यापासून पळायचं, तर हा कोर्स कशाला?

चिपळूणहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "मी लोटे परशुरामच्या एका केमिकल कंपनीत २६ वर्षं ऑपरेटर आहे. मुलगा इन्स्ट्रुमेंटेशनचा बीई, ६४ टक्के. दीड वर्ष लोट्यातच मेंटेनन्सला आहे, पगार सांगायची लाज वाटते. रात्री दोनला प्लँट ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की फोन येतो आणि हा गाडी काढून निघतो. त्याने कारखान्यात जन्म काढू नये म्हणून आम्ही ठरवलं आहे की जर्मनीत स्मार्ट मॅन्युफॅक्चरिंग, कनेक्टेड सिस्टिम्स यात मास्टर्स करायचं. म्हणजे कॉम्प्युटरवरचं काम मिळेल. एजन्सीने तिथल्या खासगी विद्यापीठात जागा बघितली आहे, १५ तारखेच्या आत पैसे भरायचे आहेत. कलमांची बाग गहाण ठेवायची तयारी आहे. मुलगा हो-नाही काहीच बोलत नाही. पडवीत भंगारातला पीएलसी (यंत्रं आपोआप चालवणारा छोटा कंट्रोलर) आणून विहिरीच्या पंपाला जोडत बसतो. मे महिन्यात पाणी खाली गेलं की पंप चालूच होऊ देत नाही, त्यावरून घरात रोज वाद. धाकटी बारावीला आहे, तिचं पुढे बघू."

सप्रेम नमस्कार.

'आम्ही ठरवलं आहे' यातल्या 'आम्ही'त मुलगा धरलाय का, हे पूर्ण पत्र वाचूनही मला कळलं नाही. दीड वर्ष नोकरी करणारा, रात्री-अपरात्री परशुराम घाट चढून कामावर जाणारा इंजिनिअर घरात हो-नाही बोलत नाही, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मला टक्क्यांपेक्षा त्या ओळीची काळजी वाटते. बोलून उपयोग नाही अशी खात्री झाल्यावरच माणूस असा गप्प बसतो.

तुमची बाजूही कळते. तिन्ही पाळ्या केलेल्या माणसाला मुलाने त्याच गेटातून आत जाऊ नये असं वाटणारच. कपड्यांना येणारा तो वास धुऊनही जात नाही, हे बाहेरच्याला सांगून समजत नाही. पण मग ज्या विषयासाठी बाग गहाण टाकायला निघालात, तो नीट बघून तरी घ्या. तो शिकलेला माणूस फिरून कारखान्यातच येतो, आणि कंट्रोल रूममध्येच बसून राहिला तर त्याचं काम होत नाही.

ही कॉम्प्युटरची शाखा आहे, हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही. 'इंडस्ट्री ४.०' हा शब्द २०११ साली जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनातून पुढे आला, आणि आपल्याकडे पोचेपर्यंत त्यातली इंडस्ट्री गळून नुसतं सॉफ्टवेअर उरलं. प्रत्यक्षात काम असतं ते मोजमाप पाठवणारे ट्रान्समीटर, पीएलसी, मोटरचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह आणि वरची संगणक यंत्रणा यांना एकमेकांशी नीट बोलतं करायचं. ऑफिसातला कॉम्प्युटर अडला तर बंद करून चालू करतात. रिअ‍ॅक्टर चालू असताना कंट्रोलर तसा बंद करून बघा! त्याचा नवा प्रोग्रॅमसुद्धा बऱ्याचदा शटडाऊनची, म्हणजे प्लँट ठरवून बंद ठेवण्याची, वाट बघत थांबतो. शिवाय कारखान्यातली यंत्रं एका वयाची नसतात. नवी ओपीसी यूए नावाची भाषा बोलतात, शेजारचं जुनं यंत्र मॉडबस नावाची. मॉडबस १९७९ सालचं, आणि त्याच्या मूळ रचनेत पासवर्ड ही गोष्टच नाही. वायरीवरून येईल तो हुकूम यंत्र ऐकतं. अशा यंत्राला इंटरनेटची वाट उघडून दिली तर काय होईल ते तुम्हीच ताडा. २०१० साली उघडकीला आलेल्या स्टक्सनेट व्हायरसने इराणमधल्या नतान्झच्या अणुकेंद्रातली, युरेनियम समृद्ध करणारी सेंट्रिफ्यूज यंत्रं बिघडवली ती पीएलसीत शिरूनच, आणि ऑपरेटरच्या स्क्रीनवर सगळं ठीकठाक दिसत होतं. तुम्ही स्वतः ऑपरेटर आहात, स्क्रीन खोटं बोलायला लागली तर काय, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं समजेल. काय कशाला जोडायचं हे कोर्समध्ये शिकवतात. काय जोडायचं नाही, हे ज्याने रात्री दोनला ट्रिप झालेला प्लँट पुन्हा उभा केलाय त्याला लवकर कळतं.

आता त्या पडवीतल्या उद्योगाबद्दल. तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय, मला मात्र सगळ्या पत्रात तेवढाच भाग महत्त्वाचा वाटला. पाणी खाली गेलं की पंप चालू होऊ द्यायचा नाही, याला इंटरलॉक म्हणतात. कोरडा पंप फिरला तर सील जातं, मोटर जळते. घरच्यांचे बोल खाऊनही त्याने तो काढून टाकलेला नाही, याचं मला कौतुक वाटतं. त्याला दोनच गोष्टी विचारा: विहिरीतल्या पाण्याची पातळी फोनवर दिसते का, आणि फोनवरून पंप चालू करता येतो का? दुसऱ्या प्रश्नाला 'नाही' म्हणाला तर का नाही, ते पाच मिनिटं शांतपणे ऐकून घ्या. बघणं वेगळं आणि हुकूम देणं वेगळं, या दोघांत भिंत कुठे घालायची, यावर या विषयात मोठमोठी मानकं लिहिली गेली आहेत.

जर्मनीबद्दल स्पष्ट लिहितो. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आपल्यासारख्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, आणि कुठेही गेलं तरी राहण्याखाण्यासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) आधी दाखवावे लागतात. सरकारी जागा सोडून एजन्सी खासगीचा आग्रह का धरते, याचा अंदाज तुम्हाला यायला हवा. मुलाचे ६४ टक्के तिकडच्या सूत्रात, पासिंग ४० धरलं तर, २.८ होतात (तिथे आकडा जितका कमी तितका चांगला) आणि चांगले विभाग बऱ्याचदा २.५ किंवा त्याहून सरस मागतात. म्हणजे सरकारी जागा मिळणं आज सोपं नाही, पण म्हणून पैसे मोजून खासगीत शिरायचं का?

इथला रस्ता माहितीचाच आहे: इन्स्ट्रुमेंटेशनचा गेट, म्हणजे एमटेकची प्रवेश परीक्षा, स्कोअर तीन वर्षं चालतो, एमटेकला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन. बेंगळुरूच्या आयआयएस्सीत स्मार्ट मॅन्युफॅक्चरिंगचंच एमटेक आहे; कठीण आहे, पण बाग गहाण ठेवावी लागत नाही.

माझं मत विचाराल तर यंदा कुठेच नको. त्याला अजून वर्ष-दोन वर्षं लोट्यात राहू दे. पुढच्या वार्षिक शटडाऊनच्या प्लॅनिंगमध्ये घ्या म्हणून त्याने साहेबांच्या मागे लागावं, नेटवर्किंग नीट शिकावं, जमलं तर गेट देऊन ठेवावा. त्यानंतर जर्मनीला जायचं असेल तर जरूर जावं. तेव्हा अर्जात लिहायला त्याच्याकडे स्वतःचं काहीतरी असेल, आणि त्याला खरंच जायचंय की नाही हेही तोवर कळलेलं असेल. नाही म्हणाला तर तेही ऐकायची तयारी ठेवा. डोलवी, थळ, जयगड, आपल्याच किनाऱ्यावर मोठे प्लँट उभे आहेत आणि त्यांना असली माणसं लागतात.

राहिली बाग. कोकणात एका सातबाऱ्यावर किती नावं असतात हे चिपळूणच्या माणसाला मी काय सांगणार? बहिणी असतील तर त्यांच्याही सह्या लागतील, आणि शेतजमीन तारण घ्यायला बऱ्याच बँका मुळात खळखळ करतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती शेवटची ओळ, 'धाकटी बारावीला आहे, तिचं पुढे बघू.' बाग एकदा गहाण पडली की बघायला काय उरणार आहे? तिला काय शिकायचंय, याबद्दल सबंध पत्रात एक शब्द नाही. भावाच्या प्रवेशाच्या आधी तिच्या सीईटीचं बघा, ती परीक्षा कुणासाठी थांबणार नाही.

१५ तारीख जाऊ द्या. एजन्सीचा फोन आला तर सांगा, मुलगा स्वतः बोलेल. हे पत्र त्याच्या नकळत लिहिलंय असं तुम्ही पत्रात म्हटलंय. उत्तर मात्र त्याला दाखवा, आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या.