वाचकांचे प्रश्न : सर्फस्केट घेण्यापूर्वी जागा पाहा

प्रश्न : मुळकीच्या किनाऱ्यावर सर्फिंगचे प्राथमिक धडे घेतल्यापासून मला सर्फस्केटची ओढ लागली आहे. नेहमीच्या स्केटबोर्डपेक्षा तो वेगळा कसा असतो आणि आपल्या भागात तो कोठे चालवावा? मित्रांच्या मते चोर्ला घाटाचा उतार त्यासाठी उत्तम आहे.
– एक महाविद्यालयीन वाचक, खानापूर

उत्तर : घाटाचा विचार आपण आजच सोडून द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे, आणि तिचे कारण या बोर्डच्या रचनेतच आहे. लाटा नसलेल्या दिवसांतही सर्फिंगचा सराव चालू राहावा, या गरजेतून कॅलिफोर्नियातील व्हेनिस येथे ग्रेग फॉक आणि नील कार्व्हर यांनी 1990 च्या दशकाच्या मध्यास असा बोर्ड विकसित केला. त्याचा मागचा ट्रक, म्हणजे चाकांची जोडी फळीला जोडणारा धातूचा भाग, साधारणपणे नेहमीसारखा असतो. पुढचा मात्र स्प्रिंग असलेल्या फिरत्या दांड्यावर, किंवा काही प्रकारांत केवळ वेगळ्या कोनामुळे, खूप जास्त वळतो. त्यामुळे पाय जमिनीला न लावता, नुसत्या वळणांच्या लयीतून वेग घेता येतो. उभ्याने झोपाळा चढवताना आपण गुडघे ज्या क्षणी वाकवतो आणि ज्या क्षणी ताठ करतो, तेच वेळेचे भान येथे लागते : आधी नजर आणि खांदे वळतात, मागोमाग कंबर, आणि शेवटी बोर्ड. परंतु ज्या सैलपणामुळे हे साधते, त्याच सैलपणामुळे मोठ्या उतारावर वेग वाढताच पुढचा ट्रक थरथरू लागतो आणि बोर्ड ताब्यात राहत नाही. चोर्ल्याच्या वळणांवर समोरून मालवाहू गाडी येत असताना असे घडणे म्हणजे जिवावरचा प्रसंग होय.

म्हणून जागा सपाट किंवा अगदी सौम्य उताराची, गुळगुळीत आणि वाहनांपासून मुक्त असावी. बेळगावच्या लेले मैदानासारखी मातीची मैदाने या कामासाठी उपयोगाची नाहीत. स्मार्ट सिटी योजनेत 2016 साली बेळगावची निवड झाल्यानंतर शहरात काँक्रीटचे बरेच रस्ते झाले. पण त्यांवर वर्दळ आहे, शिवाय जेथे घसरण टाळण्यासाठी आडव्या रेघा ओढलेल्या असतात, तेथे पायाला सतत हादरे बसतात. माझ्या मते सर्वांत चांगली जागा म्हणजे शहराच्या कडेला पडलेले नवे ले-आउट, जेथे डांबरी रस्ते तयार आहेत पण घरे अजून थोडीच उभी राहिली आहेत. सकाळी लवकर जावे आणि आधी झाडू घेऊन लाल खडी बाजूला सारावी, कारण आपल्याकडील जांभ्या दगडाचा एवढासा खडा चाकाखाली आला, तरी चालवणारा पुढे फेकला जातो. लग्नसराई नसताना मंगल कार्यालयाचे फरसबंद आवारही मालकाच्या परवानगीने मिळू शकते. बेळगावात रोलर स्केटिंगची जुनी आवड आहे. तेथील एखाद्या रिंकच्या प्रशिक्षकांना विचारून पाहावे, मात्र बोर्डला परवानगी नसेल तर आग्रह धरू नये.

खरेदी करताना सुमारे 30 ते 32 इंचांचा बोर्ड आणि 65 ते 70 मिलिमीटरची, 78ए च्या आसपासची (हे चाकाच्या कडकपणाचे माप; आकडा कमी तितके चाक मऊ) मऊ चाके घ्यावीत. कडक चाके सिमेंटच्या तयार स्केटपार्कमध्ये शोभतात. आपल्या खरबरीत डांबरावर मऊच हवीत.

प्रश्न : माझी दहा वर्षांची मुलगी हट्ट धरून बसली आहे. तिला बोर्ड द्यावा का?
– एक आई, निपाणी

उत्तर : अवश्य द्यावा, ताई, पण हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड त्याच दिवशी घ्यावेत. पडताना हात आपोआप पुढे जातात आणि पहिला आघात मनगटावर बसतो. गुडघ्याच्या पॅडपेक्षा हे गार्ड म्हणूनच अधिक महत्त्वाचे ठरतात. पहिले काही दिवस पुढच्या ट्रकचा नट थोडा आवळून ठेवावा आणि तोल सावरू लागल्यावर तो हळूहळू सैल करावा. उसाच्या हंगामात निपाणी-चिकोडी पट्ट्यातील रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर धावत असतात आणि वाटेत पाचटही सांडलेले असते, तेव्हा त्या महिन्यांत मुलीला रस्त्यावर मुळीच पाठवू नये. शाळेच्या आवारात काँक्रीटचा चौक असेल, तर सुट्टीच्या दिवशी मुख्याध्यापकांकडे लेखी विनंती करून पाहावी.

प्रश्न : जून ते सप्टेंबर आमच्याकडे पाऊस थांबत नाही. बोर्ड बंद ठेवावा का? बेअरिंग गंजले, तर ते मिळते कोठे?
– एक वाचक, जांबोटी

उत्तर : ओल्या रस्त्यावर तो नेऊच नये. चाके निसटतात, बेअरिंगमध्ये पाणी शिरते आणि लाकडी डेकच्या थरांना ओल धरते. छप्पर असलेला अंगणाएवढा सिमेंटचा तुकडा मिळाला, तरी जागच्या जागी वळण्याचा सराव उत्तम होतो. बेअरिंगची काळजी करू नये : स्केटबोर्डची बहुतेक बेअरिंगे 608 या प्रमाणित मापाची, म्हणजे आत 8, बाहेर 22 आणि जाडीला 7 मिलिमीटर अशी असतात, आणि बेळगावच्या उद्यमबागेसारख्या कारखानदारीच्या परिसरात बेअरिंगच्या दुकानात हाच क्रमांक सांगून विचारता येते. बसवताना जाड ग्रीस भरू नये, पातळ तेलाचा एक थेंब पुरतो. बुशिंग, म्हणजे ट्रकमधील वळणाला लवचीकपणा देणारे रबरासारखे कडे, मात्र त्या-त्या ट्रकचेच लागते. ते बोर्ड घेतानाच एक जोडी जास्तीचे मागून ठेवावे.