सात टक्क्यांची मर्यादा, नवे विधेयक आणि थांबायचे की नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. नॉर्थ कॅरोलिनातले जोडपे, दोघांचाही जन्म महाराष्ट्रातला. नवऱ्याचा आय-140 (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर, वर्ग ईबी-2 (उच्चशिक्षितांचा), प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, मार्च 2016. मुलगी सोळा वर्षांची, एच-4 वर, म्हणजे वडिलांच्या एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर. अमेरिकी काँग्रेसमध्ये 'डिग्निटी ॲक्ट' आला आहे आणि त्यात देशनिहाय मर्यादा सातवरून पंधरा टक्के होणार, असा मेसेज त्यांना आला. हे विधेयक पास होईल का, आणि तोवर बाकी काही न करता थांबावे का?

थांबू नका. विधेयकावर जरूर लक्ष ठेवा, पण मुलीचे शिक्षण आणि नोकरी यांचे निर्णय आज लागू असलेल्या कायद्यावरच घ्या. कारणे सविस्तर लिहितो. दर एक-दोन वर्षांनी हाच प्रश्न नव्या विधेयकाच्या नावाने विचारला जातो आणि दरम्यान अनेकांची मुले एकवीस वर्षे ओलांडतात आणि आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतात.

आधी आकडे पाहू. 1990 च्या कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला साधारण 1,40,000 ठरवली. यात अर्जदाराचा जोडीदार आणि मुलेही मोजली जातात, म्हणजे तुमचे कुटुंब तीन कार्डे घेणार. ईबी-2 चा वाटा 28.6 टक्के, म्हणजे सुमारे 40,000. त्यातले एका देशाला सात टक्के म्हणजे साधारण 2,800. बाकीच्या देशांनी न वापरलेली कार्डे सर्वात जुन्या प्रायॉरिटी डेटला मिळतात, पण ईबी-2 मध्ये इतर देशांचीही रांग लागल्यापासून असे फारसे काही उरत नाही. 2021 आणि 2022 या आर्थिक वर्षांत तारखा भराभर पुढे गेल्या, कारण कोविडमध्ये कौटुंबिक वर्गाची कार्डे न वापरता राहिली आणि ती पुढच्या वर्षी नोकरीच्या वर्गाकडे वळली. तो अपवाद होता, पण त्याच वेगाने पुढचे आडाखे बांधणारे लोक अजून भेटतात.

व्हिसा बुलेटिन, म्हणजे कोणत्या प्रायॉरिटी डेटपर्यंत कार्डे मिळत आहेत ते सांगणारे मासिक पत्रक, बघा. ऑक्टोबर 2022 मध्ये भारताची ईबी-2 ची अंतिम तारीख 1 एप्रिल 2012 होती. दोनच महिन्यांत ती मागे सरकून ऑक्टोबर 2011 वर गेली. ऑक्टोबर 2025 मध्ये ती 1 एप्रिल 2013 होती. म्हणजे तीन वर्षांत एक वर्ष. अधूनमधून मोठी उडी येते, तशी तारीख मागेही जाते. मार्च 2016 साठी या वेगाचा हिशेब तुम्हीच करा.

आता पंधरा टक्के. कागदावर ईबी-2 मधला भारताचा हिस्सा 2,800 वरून 6,000 होतो. पण एकूण 1,40,000 तेच राहिले, तर हे वाढीव 3,200 दुसऱ्या कोणाच्या तरी रांगेतून येणार. खरा राजकीय झगडा इथे आहे. विरोध फक्त स्थलांतरितांचा द्वेष करणारेच करतात असे मानले, तर पुढचे काहीच समजत नाही.

मागचा अनुभव पाहा. 29 नोव्हेंबर 2011 ला देशनिहाय मर्यादा काढणारे विधेयक प्रतिनिधीगृहात 389 विरुद्ध 15 मतांनी मंजूर झाले. सिनेटमध्ये सिनेटर चक ग्रासली यांनी होल्ड लावला, म्हणजे ते पुढे जाण्यास हरकत घेतली, आणि ते तिथेच राहिले. 10 जुलै 2019 ला तशाच विधेयकाला 365 विरुद्ध 65 मते मिळाली. सिनेटमध्ये माइक ली ते एकमताने काढू पाहत होते. एकमत म्हणजे एकाही सिनेटरने हरकत घ्यायची नाही. रँड पॉल यांना परदेशी नर्सेससाठी वेगळी जागा हवी होती. डिक डर्बिन यांचे म्हणणे होते की एकूण कार्डे न वाढवता मर्यादा काढली, तर इतर देशांचे लोक वर्षानुवर्षे अडकतील. पुढे रिक स्कॉट यांनी चीनच्या कम्युनिस्ट पक्षाशी संबंधित लोकांबद्दल अट मागितली. एकेकाची समजूत काढत 2 डिसेंबर 2020 ला सिनेटने मंजुरी दिली, पण तोवर मजकूर इतका बदलला होता की दोन्ही सभागृहांचे विधेयक एक राहिले नव्हते. जुळवाजुळवीला महिना उरला होता. जानेवारी 2021 मध्ये दोन वर्षांची ती काँग्रेस संपली आणि विधेयकही संपले. डिसेंबर 2022 मध्ये हीच मर्यादा काढणारा 'ईगल ॲक्ट' प्रतिनिधीगृहात मतदानाला येणार होता, व्हाइट हाउसचा पाठिंबाही होता, पण मते जुळत नाहीत हे दिसल्यावर तो कामकाजातून काढून घेतला गेला.

दोन्ही सभागृहांत प्रचंड पाठिंबा असूनही असे होते, कारण तिथे बहुमतापेक्षा वाट अडवण्याची ताकद मोठी ठरते. आणि ग्रासली सध्याच्या, म्हणजे 119 व्या काँग्रेसमध्ये सिनेटच्या न्याय समितीचे अध्यक्ष आहेत. सिनेटमध्ये इमिग्रेशनचे विधेयक साधारणपणे आधी त्याच समितीकडे जाते.

सर्वसमावेशक सुधारणांची स्थिती याहून वाईट. 2006 मध्ये सिनेटने 62–36 ने विधेयक मंजूर केले, पण प्रतिनिधीगृहाकडे त्यांचे स्वतःचे कडक विधेयक होते आणि दोन्ही कधी एकत्र बसलेच नाहीत. 28 जून 2007 ला चर्चा थांबवून मतदानाकडे जाण्यासाठी 60 मते लागत होती, पडली 46. जून 2013 मध्ये 68–32 ने सिनेटने मोठे विधेयक मंजूर केले. सभापती जॉन बेनर यांनी ते मतदानाला आणलेच नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये सिनेटर जेम्स लँकफर्ड, क्रिस मर्फी आणि कर्स्टन सिनेमा यांनी वाटाघाटी करून सीमा-विधेयक आणले. त्यात पाच वर्षांत अडीच लाख जादा कार्डे होती, त्यांतली 90,000 नोकरीच्या वर्गाची, आणि एच-4 मुलांना संरक्षणही होते. सिनेटमध्ये ते 49–50 ने अडले. आपल्या लोकांपैकी बहुतेकांना त्यात आपल्यासाठी काही होते हेही कळले नाही.

रिपब्लिकन पक्ष 1986 च्या कायद्याचा दाखला देतो: सुमारे 27 लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला, पण बदल्यात ठरलेली कडक अंमलबजावणी झाली नाही, म्हणून आता सीमा आधी. डेमोक्रॅटिक नेत्यांची भीती अशी की उच्चशिक्षितांचा लोकप्रिय भाग वेगळा मंजूर केला, तर कागदपत्रे नसलेल्यांसाठी सौदा करायला हातात काही उरणार नाही. तुम्ही या दोन भूमिकांमध्ये अडकलेले आहात. त्यात 2025 मध्ये एक मोठा फरक पडला, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. 4 जुलैला सही झालेल्या अर्थसंकल्पी कायद्याने अंमलबजावणीसाठी सुमारे 170 अब्ज डॉलर दिले, तेही रिकन्सिलिएशनच्या मार्गाने, म्हणजे 60 मतांची गरज न पडता. सिनेटमध्ये 50–50 झाल्यावर उपराष्ट्राध्यक्षांच्या मताने तो सुटला. इतकी वर्षे सौदा असा मांडला जायचा: आम्ही अंमलबजावणीला पैसे देतो, तुम्ही कायदेशीर दर्जा द्या. एका बाजूला हवे ते आधीच मिळाले, तर ती सौद्याला कशासाठी बसेल?

मग तोच मार्ग ग्रीन कार्डांसाठी का नाही? 2021 मध्ये तो करून पाहिला. रिकन्सिलिएशनमध्ये फक्त थेट अर्थसंकल्पाशी संबंधित कलमे चालतात. कागदपत्रे नसलेल्यांना दर्जा देण्याचे तीन वेगवेगळे प्रस्ताव सिनेटच्या पार्लमेंटेरियन (नियमांचा अर्थ लावणाऱ्या अधिकारी) एलिझाबेथ मॅकडोना यांनी एकामागून एक अमान्य केले. प्रतिनिधीगृहाने मंजूर केलेल्या मसुद्यात वाया गेलेली जुनी कार्डे परत मिळवण्याचे कलमही होते. अख्खे विधेयकच डिसेंबरात कोसळले.

डिग्निटी ॲक्टबद्दल: 15 जुलै 2025 ला फ्लोरिडाच्या रिपब्लिकन मारिया एल्विरा सालाझार आणि टेक्सासच्या डेमोक्रॅट वेरोनिका एस्कोबार यांनी तो मांडला, क्रमांक एच. आर. 4393. पंधरा टक्क्यांचे कलम त्यात आहे, हे खरे. पण त्याचा गाभा कागदपत्रे नसलेल्यांना ठरावीक अटींवर राहू देण्याचा आहे, आणि त्या भागाला लगेच 'ॲम्नेस्टी'चा, म्हणजे सरसकट माफीचा, शिक्का बसतो. तुमचे कलम त्याच्याच नशिबाला बांधलेले आहे. माझा अंदाज स्पष्ट लिहितो: या रूपात, या काँग्रेसमध्ये ते पास होण्याची शक्यता फार कमी. 3 जानेवारी 2027 ला ही काँग्रेस संपते, आणि तोवर न झालेले प्रत्येक विधेयक पुन्हा शून्यापासून मांडावे लागते.

मग इमिग्रेशनचे काहीच पास होत नाही का? होते. लहान कलमे, अडवता न येणाऱ्या मोठ्या विधेयकांवर बसून. मास्टर्सवाल्यांचा 20,000 चा एच-1बी कोटा 2004 च्या शेवटी खर्चाच्या एकत्रित विधेयकातून आला. 2005 मध्ये 50,000 जुनी कार्डे, मुख्यतः नर्सेससाठी, लष्कराच्या पुरवणी खर्चाच्या विधेयकातून परत मिळाली. लायबेरियन लोकांना ग्रीन कार्ड देणारा कायदा डिसेंबर 2019 च्या संरक्षण विधेयकात होता. ईबी-5 या गुंतवणुकीवर ग्रीन कार्ड देणाऱ्या वर्गाची पूर्ण फेररचना मार्च 2022 च्या खर्च विधेयकात झाली. एच-4 मुलांचे संरक्षणही जुलै 2022 मध्ये प्रतिनिधीगृहाच्या संरक्षण विधेयकात दुरुस्ती म्हणून शिरले होते, अंतिम मजकुरात गळले. म्हणून विधेयकाचे नाव बघण्याआधी ते कोणत्या गाडीत बसले आहे ते बघा. संरक्षण विधेयक बहुधा डिसेंबरात सुटते, खर्चाची मुदत 30 सप्टेंबर, आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतरचे आठवडे अशा कलमांसाठी सर्वात महत्त्वाचे. काँग्रेसच्या संकेतस्थळावर विधेयकासमोर नुसते 'मांडले' आणि 'समितीकडे पाठवले' एवढेच असेल, समितीत कलमवार मतदान झालेले नसेल, तर बातमी कितीही मोठी असो, काही हललेले नाही.

आता तुमची कामे. मुलीचे आधी.

चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन ॲक्टनुसार तुमची तारीख लागेल, म्हणजे बुलेटिन तिथपर्यंत पोचेल, त्या दिवशीच्या तिच्या वयातून आय-140 प्रलंबित होता तेवढे दिवस वजा होतात. आय-140 ला 210 दिवस लागले असतील, तर 21 वर्षे 5 महिन्यांची मुलगीही बसते, मात्र एका वर्षात आय-485 हा ग्रीन कार्डाचा अंतिम अर्ज भरावा लागतो. प्रीमियम प्रोसेसिंग केले असेल तर वजा करायला जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. पर्मला, म्हणजे आय-140 च्या आधीच्या कामगार खात्याच्या मंजुरीला, लागलेला काळ यात धरत नाहीत. 15 ऑगस्ट 2025 पासून भरलेल्या अर्जांना वय मोजताना बुलेटिनमधला 'फायनल ॲक्शन' (कार्ड प्रत्यक्ष मिळण्याच्या तारखांचा) तक्ताच लागतो, 'डेट्स फॉर फायलिंग' (अर्ज भरण्याच्या तारखांचा) नाही. जुन्या लेखांत याच्या उलट लिहिलेले सापडेल.

तुमच्या हिशेबात ती निसटण्याची शक्यता मोठी आहे, तेव्हा एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, गृहीत धरा. अनेक राज्यांत एच-4 वर रहिवाशांची कमी फी मिळते आणि एफ-1 वर जाते, त्यामुळे कॉलेजला लेखी विचारून शक्य तितकी वर्षे एच-4 ठेवा आणि एकविसाव्या वाढदिवसाच्या सहा ते आठ महिने आधी व्हिसाचा दर्जा बदलण्याचा अर्ज, आय-539, भरा. एफ-1 घेतल्याने ती तुमच्या अर्जातून बाहेर पडत नाही. वयात बसत असेल तर तारीख लागल्यावर तिचाही आय-485 भरता येतो.

नोकरीचे. कंपनीने मंजूर आय-140 नंतर मागे घेतला तरी प्रायॉरिटी डेट तुमचीच राहते, आणि मंजुरीला 180 दिवस झाले असतील, तर एच-1बीही तीन-तीन वर्षांनी वाढतो. त्याआधी नोकरी बदलणे धोक्याचे. मंजुरीच्या नोटीसची प्रत घरी ठेवा, नोकरी गेल्यावर ती मागून मिळेलच असे नाही. नोकरी गेली तर साठ दिवस मिळतात. नव्या कंपनीत पर्म आणि आय-140 पुन्हा करावे लागतात, तारीख जुनीच लागते. तिथे आय-140 साठी प्रीमियमची घाई करू नका, मुलीच्या वयातून वजा होणारे दिवस त्याने कमी होतात. एच-1बी वाढवण्यासाठी गरज असेल तर गोष्ट वेगळी.

तुम्हा दोघांना लागू नाही, पण इतरांसाठी लिहितो: रांग नागरिकत्वावर नाही, जन्मस्थानावर ठरते. जोडीदाराचा जन्म मस्कत, दुबई किंवा कुवेतचा असेल, तर दोघेही त्या देशाच्या रांगेत जाऊ शकता. आखातात जन्मलेल्या मराठी मुलामुलींची संख्या लहान नाही, आणि वकिलाने न विचारल्यामुळे ही गोष्ट वर्षानुवर्षे राहून जाते. मुलांच्या जन्मस्थानाचा फायदा मात्र आईवडिलांना मिळत नाही.

ईबी-5 चा विचार मुलीसाठी करायचा असेल, तर ग्रामीण किंवा जास्त बेरोजगारीच्या भागात किमान 8,00,000 डॉलर. 30 सप्टेंबर 2026 पर्यंत भरलेल्या अर्जांना, योजना पुढे बंद पडली तरी, कायद्याने संरक्षण आहे. पुण्यातली जागा विकून पैसे आणायचे असतील तर एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात. भारतात राहणारे आईवडील पाठवणार असतील तर प्रत्येकी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा. पैशाचा उगम दाखवणारी कागदपत्रे गोळा करायलाच सर्वाधिक वेळ जातो, तेव्हा सुरुवात तिथून करा. कर्ज काढून हे करू नका.

न झालेल्या कायद्याखाली 'आगाऊ नोंदणी' करून देतो म्हणणाऱ्याला एक डॉलरही देऊ नका. अशी नोंदणी अस्तित्वातच नाही.

आणि तुमच्या लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात फोन. तुम्ही नागरिक नसलात तरी मतदारसंघाचे रहिवासी आहात, कार्यालय नोंद घेते. 'इमिग्रेशन रिफॉर्म करा' असे म्हणू नका. तुमच्या प्रतिनिधीचे नाव एच-4 मुलांना संरक्षण देणाऱ्या 'अमेरिकाज चिल्ड्रन ॲक्ट'च्या सहप्रायोजकांत आहे का ते आधी बघा. नसेल तर नाव घालण्याची आणि संरक्षण विधेयकात तीच दुरुस्ती मांडण्याची विनंती करा. पत्त्याचा पिन, मुलीचे वय, ती कधीपासून इथे आहे आणि कितव्या वर्षी दर्जा जाणार, एवढे दोन मिनिटांत सांगा. नवऱ्याच्या कंपनीचे सरकारी संबंधांचे खाते असेल तर तेच पत्र त्यांच्याकडून जाऊ द्या. दुरुस्त्या उन्हाळ्यात मागवल्या जातात, तेव्हा मेमध्येच फोन केलेला बरा.