घरच्या रोजच्या वापरासाठी टॅबलेट घ्यावा की लॅपटॉप?

घरात टायपिंग किती होते, यावर हा निर्णय ठरवावा. व्हिडिओ पाहणे, वीजबिल भरणे आणि परगावी असलेल्या मुलांशी व्हिडिओ कॉलवर बोलणे एवढेच काम असेल, तर टॅबलेट पुरेसा आहे. ज्येष्ठांना तो हाताळायला सोपा जातो आणि मराठी मजकूर नुसता बोलूनही लिहिता येतो. मात्र एक्सेलमधला हिशेब किंवा ऑनलाइन अर्ज ही कामे नेहमीची असतील, तर लॅपटॉपच घ्यावा. एका खिडकीत प्रवेश अर्ज, दुसरीत गुणपत्रिकेची पीडीएफ आणि शिवाय फोटो ठरावीक केबीत बसवायचा, ही कसरत टॅबलेटवर होते खरी, पण जीव मेटाकुटीला येतो. टॅबलेटला वेगळा कीबोर्ड आणि कव्हर घेतले की खर्च बहुधा साध्या लॅपटॉपच्या जवळ जातो, हे दुकानदार आपणहून क्वचितच सांगतो. लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम (काम चालू असताना वापरली जाणारी मेमरी) आणि एसएसडी (फाइली साठवणारा वेगवान ड्राइव्ह) असावी. जुना लॅपटॉप स्वस्तात मिळत असेल, तर त्यावर विंडोज ११ चालते का, हे आधी तपासावे, कारण विंडोज १० चा नियमित सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून नेहमी मिळणारे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.